चार नंबरची गुणी भट्टी

४ फेब्रुवारी

आत्या,

वाकून नमस्कार करायला इथं टेबल आणि भिंत यांच्यामध्ये जागा नाही, तेव्हा बसल्या बसल्या केला असं समज.

तू म्हणे बाबांना विचारलंस, की तुझा मुलगा शहरात बसून नेमकं करतो काय. बाबांनाही ते माहीत नसल्यामुळे त्यांनी 'कॉम्प्युटरचं' असं उत्तर दिलं. तर ऐक. मी तुझ्या भट्ट्यांकडे बघतो. माझ्यासमोर भिंतभर पडदे आहेत. कंपनीच्या तिन्ही आवारांतल्या कोळशाच्या भट्ट्यांच्या पोटात ज्या सेन्सरच्या काड्या खुपसल्या आहेत, त्या दर क्षणी आतली उष्णता इथं कळवतात आणि त्याची रेघ पडद्यावर उमटते. रेघ वर गेली की मी बघतो, खाली आली की बघतो. फारच वर गेली तर मी तुमच्याकडचा भोंगा वाजवतो. तुला ज्याचा राग येतो तो भोंगा म्हणजे मी.

आता आनंदाची बातमी. तुझी चार नंबरची भट्टी तिन्ही आवारांत सर्वांत गुणी ठरली आहे. बाकीच्या भट्ट्यांच्या रेघा दारुड्यासारख्या चालतात. चारची कशी, हळूहळू चढते, हवी तिथं थांबते, हवी तेव्हा उतरते. मीच अहवालात तसं लिहिलं. साहेबांनी ती रेघ रंगीत छापून केबिनमध्ये लावली. आईने माझा एकही फोटो इतक्या हौसेनं भिंतीवर लावलेला नाही.

आणि म्हणून नव्या प्रयोगाचा पहिला मान चारला. तुम्ही नेहमीसारखी भट्टी हाताने पेटवायची. पोटात तीनशे अंश झाले की इथं एक लाल बटण चालू होईल. ते दाबलं की तिथला गॅसचा बर्नर भडकेल आणि पुढचं सगळं, झडपांसकट, इथून. बावीस तारखेला माल घेणारे बडे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर करायचं. बटण मी दाबणार. नीट पार पडलं तर नोकरी पक्की होईल, असं साहेब म्हणालेत. तू माझी आत्या आहेस हे इथं कुणाला माहीत नाही, आणि माहीत नसलेलंच बरं.

काम एवढंच, की तुमच्याकडचा कॅमेरा पूस. त्यात काजळीशिवाय काही दिसत नाही. कंपनीने त्यासाठी खास फडकं पाठवलं होतं, त्याचं काय झालं?

पत्र ट्रकवाल्या सुसाटच्या हाती देतोय. तुझ्याकडे मोबाइलला रेंज नाही, आणि कंपनीच्या फोनवरचं सगळं रेकॉर्ड होतं. तुझं बोलणं रेकॉर्ड करून ठेवण्यासारखं नसतं.

तुझा,
भोंगा


८ फेब्रुवारी

चिरंजीव बटणदाबे,

पत्र मिळालं. सुसाटने ते सीटखाली ठेवलं होतं आणि वर स्वतः बसला होता, त्यामुळे चांगलं इस्त्री होऊन आलं.

म्हणजे माझ्या भट्ट्यांना ताप किती चढलाय हे बघायचा तू पगार घेतोस. तुझ्या आईला तुला डॉक्टर करायचं होतं. झालास म्हणायचं. फडक्याचं विचारलंस. चांगलं मऊ फडकं होतं. ते कॅमेऱ्याला वापरायला मन झालं नाही, चहाचं भांडं उतरवायला घेतलं.

आता चारचं. चार नको रे. दोन घे. दोन जरा फटकळ आहे, चटकन तापते, पण मनाने चांगली. नाहीतर एक घे, म्हातारी आहे, पाहुण्यांपुढे मान राखेल. नाहीतर पाहुण्यांना सांग, बाई आजारी आहेत, म्हणजे मी. मी पडते आजारी. मला जमतं.

हे सगळं लिहून झाल्यावर वाचलं आणि मलाच पटलं नाही, तर तुला काय पटणार. म्हणून खरं सांगते. बसला आहेस ना? बसलेलाच असतोस म्हणा.

चार नंबर गेल्या वर्षापासून पेटलेलीच नाही. ती थंड आहे. मी त्यात टोपल्या आणि फावडी ठेवते.

तिच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत चीर गेली आहे, माझा हात मनगटापर्यंत आत जातो. मागच्या खेपेला पेटली तेव्हा चिरेतून जाळ बाहेर आला आणि चारवर काम करणाऱ्या ठेंगणीचा दंड भाजला. आणि त्या भिंतीला लागूनच आमची पडवी आहे. तिथं बायका जेवतात, दुपारच्या आडव्या होतात. जाळ दिसतो तरी. त्याच्याबरोबर जो विषारी वायू येतो तो दिसत नाही. त्यात झोपलेला माणूस झोपलेलाच राहतो.

मी तेव्हाच कळवलं होतं. उत्तर आलं, दुरुस्ती पुढच्या वर्षी बघू, तोवर भट्टी बंद ठेवा आणि तिच्यावरची दोन माणसं कमी करा. भट्टीमागे दोन माणसं असा तुमचा हिशेब. चारवरची दोन माणसं म्हणजे ठेंगणी आणि तिची जाऊ. भाजलेल्या दंडाचं बक्षीस म्हणून घरी बसवायचं? मी काय केलं, भिंत आम्हीच लिंपून घेतली असं कळवून टाकलं, चारची काडी उपटली आणि तीनच्या पोटात खुपसली. वायर चांगली लांब आहे, कंपनीने तेवढी कंजुषी केली नाही. आता तीनच्या पोटात दोन काड्या आहेत. चारच्या काडीला मी बरोबर मधली, बिनवाऱ्याची जागा दिली. म्हणून ती गुणी. कोळसा ट्रकमध्ये सगळा एकत्रच पडतो, आणि तीन भट्ट्या आम्ही एक दिवस रिकाम्या ठेवत नाही, त्यामुळे वजनात काही उतरलं नाही.

कुणाला फसवायचं म्हणून केलं नाही. म्हणजे केलं फसवायलाच, पण दोन बायकांसाठी. तू ज्या रेघेवर जीव टाकलास ती तीन नंबरची आहे. आणि त्या बर्नरचा जाळ जाईल तो फुटक्या चारमध्ये आणि तिथून आमच्या पडवीत. बावीसनंतर तर तुम्ही तिकडून कधी पेटवणार ते आम्हाला कळणारही नाही. ते बटण काही करून थांबव.

तुझी,
आत्या


१० फेब्रुवारी

आत्या,

तुझं पत्र मी कंट्रोल रूममध्ये वाचलं ही चूक झाली. शेजारच्याने विचारलं, कोण गेलं?

मी गेलो. अहवालावर सही माझी आहे. 'चार आणि तीन या भट्ट्यांमध्ये विलक्षण एकवाक्यता आढळते' हे वाक्य मी लिहिलंय. साहेबांना ते इतकं आवडलं की त्यांनी मीटिंगमध्ये दोनदा वाचलं. दोन्ही भट्ट्या एकाच वेळी पेटतात, एकाच वेळी निवतात, हे मला दिसत होतं. मला वाटलं शिस्त. आमची आत्या म्हणजे शिस्त, असं मनात म्हणून अभिमानाने ऊर भरून आला होता. आता तोच ऊर धडधडतोय.

तुझ्यावर चिडायला मला आज वेळ नाही, पुढच्या आठवड्यात चिडेन. खरं सांगितलं तर तू जाशील, तुझ्याबरोबर त्या दोघी जातील, आणि आत्या कुणाची हे निघालं की मीही. नाही सांगितलं तर बावीसला मला तुमच्या पडवीत जाळ सोडायचाय.

मला एक सुचलंय. साहेबांना पाहुण्यांपुढे फक्त गुणी भट्टी न्यायची आहे. चारला थोडी बिघडव. एकदम नको, संशय येईल. काडी रोज थोडी थोडी बाहेर ओढ. रेघ उतरेल, वेडीवाकडी होईल, मी अहवाल लिहीन की चारची तब्येत ठीक नाही, आणि साहेब दुसरी भट्टी निवडतील. दुसऱ्या आवारातली, जिला भिंती आहेत.

हे जमेल ना? बिघडवणं तुला जमेल, याबद्दल बाबांची खात्री आहे.

— तुझा भाचा, अजून तरी नोकरीत


१४ फेब्रुवारी

अरे घाबरटा,

ठेंगणीला कामाला लावलं. रोज सकाळी एक बोटभर काडी बाहेर. तिची जाऊ बाजूला उभी राहून 'एवढी नको, एवढी नको' करत होती. दोघी गेली काही वर्षं एकमेकींशी बोलत नाहीत, म्हणून ती हे सगळं तीन नंबरच्या भट्टीकडे बघून बोलत होती. काल ठेंगणीला जावेचा इतका राग आला की तिने हात दोन हात काडी ओढली. काडी बाहेर आली आणि कोंबडीच्या खुराड्यावर पडली. दुपारभर तुझ्या पडद्यावर चार नंबर म्हणून आमच्या कोंबड्या दिसत असतील. नंतर परत अर्धी खुपसली.

म्हणजे आजार चांगला वठलाय. बघ आता काय म्हणतो तुझा साहेब. त्याला म्हणावं, भट्टी बाईमाणसासारखी आहे, तिच्याकडे सारखं टक लावून बघितलं की बिघडते.

तुझा बाप आला होता. तुझ्या नोकरीचं सगळ्यांना सांगत सुटलाय. मी गप्प बसले. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालंय, तेव्हा त्याची किंमत ठेव.

— आत्या


१६ फेब्रुवारी

आत्या,

कोंबड्या दिसल्या. अडतीस अंश. साहेब पडद्यासमोर अर्धा तास उभे होते.

मी तयार केलेला अहवाल पुढे केला. त्यात होतं, चारची कामगिरी खालावली आहे, प्रयोगासाठी दुसरी भट्टी निवडावी. साहेबांनी तो वाचला, मिटला आणि म्हणाले, "याचा अर्थ कळला का तुला? ही भट्टी उत्तमच आहे. तिला माणसांचा हात लागतोय."

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. इतके महिने जी भट्टी सरळ चालली ती अचानक बिघडते, म्हणजे तिथली माणसं मुद्दाम लुडबुड करत आहेत, नव्या यंत्राला घाबरून. तेव्हा उपाय एकच, माणसं काढा. प्रयोग बावीसलाच होणार, चारवरच होणार, आणि तो यशस्वी झाला की प्रत्येक आवारात एक वॉचमन ठेवायचा, बाकी सगळं माझ्या या टेबलावरून. तू सोडून सगळ्या बायका जाणार. तूही, खरं तर. वॉचमन पुरुष लागतो म्हणाले.

म्हणजे आपण दोघांनी मिळून दोन माणसांचा प्रश्न होता तो सगळ्यांचा केला.

मी काल खरं सांगायला केबिनमध्ये गेलो होतो. शपथेवर सांगतो, ठरवून गेलो होतो. दार उघडलं, तोंड उघडलं, आणि तोंडातून बाहेर आलं ते 'साहेब, सोमवारी अर्धी रजा मिळेल का'. मिळाली. माझी मलाच लाज वाटते.

उद्या तुमच्याकडे फिटर येतोय, बर्नर बसवायला. त्याला चीर दाखव. तो कंपनीचा माणूस आहे, तो लिहून देईल तर साहेबांना ऐकावं लागेल.


१९ फेब्रुवारी

अरे,

फिटर आला, बर्नर बसवला, गेला.

मी त्याला हाताला धरून मागे नेलं. चीर दाखवली, माझा हात आत घालून दाखवला, ठेंगणीचा दंड दाखवला. त्याने सगळं शांतपणे बघितलं. मग म्हणाला, "मावशी, माझ्याकडे फक्त बर्नर आहे. भिंतीचं खातं वेगळं." मी म्हटलं, मग भिंतीच्या खात्याला सांग. तो म्हणाला, त्यांचा नंबर नाही माझ्याकडे. माणूस वाईट नव्हता. चहा घेतला, कप धुऊन ठेवला. जाताना गॅसचा कॉक पूर्ण उघडा ठेवून त्यावर तारेचं सील मारून गेला, कुणी हात लावायचा नाही म्हणून.

तू केबिनमधून रजा घेऊन आलास त्याबद्दल मी काही बोलणार नाही. तुझा बापही असाच. लग्नाला नाही म्हणायला गेला होता आणि हॉल बुक करून आला. तुझी आई मिळाली म्हणून बरं.

मी ठरवलंय काय करायचं ते. तुला सांगत नाही, कारण सांगितलं तर तुझ्या चेहऱ्यावर दिसेल. बावीसला कॅमेरा पुसून ठेवते. तू फक्त आकड्याकडे बघत बसू नकोस, तिकडंही बघ.

— आत्या


२५ फेब्रुवारी

आत्या,

हे पत्र घरून लिहितोय. वेळच वेळ आहे.

तू तिकडे होतीस, पण इकडे काय झालं ते तुला कळायला हवं. सकाळी मी शेवटचा प्रयत्न केला. साहेब टाय बांधत होते. मी एका दमात सांगितलं, चारची भिंत फुटकी आहे, जाळ बाहेर येईल, मागे माणसं असतात. ते आरशात बघत म्हणाले, "पाहुणे गेले की एक टिपण दे." बोललो तरी, आत्या. उशिरा बोललो, पण बोललो.

मग पाहुणे आले. पाच पुरुष आणि एक पांढऱ्या केसांची बाई, जिच्याआधी ते पाचही जण दारातून आत शिरत नव्हते. चारची रेघ मोठ्या पडद्यावर घेतली होती. सुंदर चढत होती. तू काडी परत मधल्या जागेवर लावली होतीस हे मला लगेच ओळखू आलं. दोनशे ऐंशी, दोनशे नव्वद. साहेब बोलत होते, माणसाचा हात न लागलेली भट्टी, वगैरे. तीनशे झाले. माझ्यासमोरच्या डबीतलं लाल बटण उजळलं.

तेवढ्यात शेजारचा कॅमेऱ्याचा पडदा, जो आजपर्यंत फक्त काळा होता, तो पुसला गेला. आधी मोठं फडकं दिसलं. मग तुझा तळवा. मग तू मागे सरकलीस आणि सगळं लख्ख दिसलं. उघड्या दाराची भट्टी, दारावर पांढऱ्या रंगात एवढा मोठा चारचा आकडा, आत टोपल्या आणि फावडी. तू आत गेलीस, स्टुलावर बसलीस, बशीत चहा ओतलास आणि फुंकर मारलीस.

बाजूच्या पडद्यावर आकडा होता तीनशे चार.

मग त्या पांढऱ्या केसांच्या बाईने विचारलं, "त्या बाई तीनशे अंशांत चहा कशाला फुंकतायत?"

मला हसू आलं. साहेब म्हणाले, चित्र जुनं आहे, कॅमेरा बिघडलेला आहे, सेन्सर बरोबर आहे. मला म्हणाले, "दाब."

मी म्हटलं, "साहेब, आत माणूस आहे."

ते म्हणाले, "आत तीनशे अंश आहेत. माणूस असेल कसा? दाब."

मी म्हटलं, "ती माझी आत्या आहे."

हे मी खूप मोठ्याने म्हणालो असणार, कारण चहावाला दारातून डोकावला. साहेबांनी स्वतःच बटणाकडे हात नेला. मला पुढचं नीट आठवत नाही. एवढं आठवतं की मी ती डबी वायरीसकट उपटली, छातीशी धरली, पाहुण्यांच्या मधून पळालो आणि पुरुषांच्या संडासात जाऊन आतून कडी लावली. शौर्य म्हणावं तर जागा चुकली, पण कडी असलेली दुसरी खोली त्या मजल्यावर नाही.

साहेब बाहेरून दार ठोकत होते. दोनदा 'अरे' म्हणाले, मग बडतर्फ केलं. दारातूनच. मी 'हो साहेब' म्हणालो. सवय.

बऱ्याच वेळाने वेगळी टकटक झाली. ती पांढऱ्या केसांची बाई पुरुषांच्या संडासात आली होती. म्हणाली, "बाहेर या. त्यांना आम्ही खाली बसवलंय. तुमच्या आत्यांचा चहा संपला, त्या आता पेपर वाचतायत." मी दार उघडलं. ती डबीकडे बघत म्हणाली, "हे तुमच्याजवळच राहू द्या." मग तिने मला सगळं विचारलं आणि मी सगळं सांगितलं, काडीपासून कोंबड्यांपर्यंत. ती कोंबड्यांपाशी हसली, दंडापाशी नाही.

नोकरी गेली ती गेलीच. बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. आई बोलते, पण ताटात वाढताना भांडी आपटते. बटणाची डबी माझ्या उशाशी आहे. परत करायची तर कुणाला, हा प्रश्न आहे.

एक विचारायचं राहिलंय. तू आत बसायच्या आधी गॅसचा कॉक बंद केला होतास ना? केलाच असशील. सील तोडायला तुला कितीसा वेळ. मी रोज स्वतःला सांगतो की बंदच होता, साहेबांचं बोट पडलं असतं तरी काही झालं नसतं. तरी तुझ्या हातचं एक वाक्य पाठव, म्हणजे मला झोप लागेल.

— भाचा


२ मार्च

बाळा,

तुझा बाप तुझ्याशी बोलत नाही, पण इथं येऊन बोलला. गवंड्यासमोर उभा राहून सांगत होता, आमच्या मुलाने अख्ख्या कंपनीसमोर बटण उपटलं. संडासाचा भाग त्याने गाळला. मी भरून काढला.

होय, गवंडी आलाय. ती पांढऱ्या केसांची बाई पाहुण्यांच्या गाडीतून थेट इथंच आली होती. मी सांगायच्या आधीच मागे गेली आणि चिरेत हात घातला. कोपरापर्यंत गेला, माझ्यापेक्षा बारीक हात आहे तिचा. बाहेर काढला तेव्हा काळा झाला होता. माझं ते मऊ फडकं दिलं पुसायला. म्हणाली, ही भिंत उभी राहीपर्यंत इथला कोळसा घेणार नाही, आणि इथलं एक माणूस कमी झालं तरी घेणार नाही. तुझ्या साहेबाला आता दुसऱ्या कुठल्या खात्यात बसवलंय. भिंतीच्या असावं, अशी माझी इच्छा.

माझी चौकशी लागली आहे, काडी काढल्याबद्दल. लागू दे. मी सगळं कबूल करणार आहे, कारण केलंय. काढतील की ठेवतील ते बघू. ठेंगणी आणि तिची जाऊ भिंतीचा चिखल कालवतायत. चिखल पातळ झाला की घट्ट यावरून काल दोघी थेट एकमेकींकडे तोंड करून भांडल्या. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा. कान किटले, पण ऐकत बसले.

ती डबी परत करू नकोस. इकडे घेऊन ये आणि तूही ये. नोकरी नाही म्हणून लपून बसू नकोस. सुसाट तुला पुढच्या सीटवर बसवेल, खाली नाही ठेवणार.

आता तू विचारलंस ते. खोटं सांगितलं असतं, पण तुझ्याशी एकदा खोटं चालवून झालंय.

कॉक उघडा होता. सील तसंच होतं. पक्कड माझ्या हाताशी होती, तोडता आलं असतं. पण गॅसचा दाबही तुमच्या पडद्यावर दिसतो. तो उतरला असता तर तुझ्या साहेबाने पाहुण्यांना जेवायला नेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी, कुणी बघत नसताना, पेटवली असती. तेव्हा पडवीत ह्या दोघी असत्या. सगळं जसंच्या तसं हवं होतं, फक्त मी आत.

भीती वाटली का म्हणशील, तर वाटली. बशी दोन्ही हातांनी धरली होती ती त्यासाठीच. पेपर उलटा होता, तो तुम्हाला तिकडून दिसला नसेल. पण बटणापाशी तू आहेस, हे मला माहीत होतं. दुसरं कुणी असतं, तर मी त्या भट्टीत पाऊल टाकलं नसतं.

तुझी,
आत्या